शिक्का आणि कुलूप

विद्यार्थी मित्रांनो, घराबाहेर पडताना तुम्ही दाराला कुलूप लावता. किल्ली फिरवून काढून घेता आणि मग कुलूप एकदा हाताने ओढून पाहता. घरातील मोठी माणसे तर दोन-दोनदा ओढून पाहतात. कुलूप नीट लागले आहे अशी खात्री पटली की मगच त्यांचे पाऊल पुढे पडते.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या लोकांना ही खात्री नव्हती. ती ज्यांनी मिळवून दिली, त्या अर्देशीर गोदरेज यांची ही गोष्ट आहे. त्यांचे आडनाव तुम्ही कपाटावर वाचलेले असेल, तिजोरीवरही वाचलेले असेल. कदाचित तुमच्या शाळेच्या कार्यालयातही ते नाव असलेले एखादे पोलादी कपाट असेल. पण या नावाचा पहिला धंदा कुलपांचा नव्हता. पहिला धंदा वेगळाच होता आणि तो बुडाला. मी तुम्हांला सांगणार आहे ती मुख्यतः त्या बुडालेल्या धंद्याची हकिकत.

त्याआधी एक गंमत सांगतो. कुलूप हा मराठी शब्द तुमच्या उर्दूतल्या कुफ्लचा सख्खा भाऊ आहे. अरबीतून तो फारसीत आला आणि तिथून मराठीत येता येता त्याची अक्षरे उलटसुलट झाली. या पाठात वकील, कर्ज, नफा, रक्कम, हिशेब आणि शिक्का हे शब्दही येतील. ते तुमच्या ओळखीचेच आहेत. तेव्हा मराठीचा पाठ म्हणून घाबरू नका.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बुर्जोरजी आणि आईचे नाव दोसीबाई. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. वडील आणि आजोबा जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते, त्यामुळे घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. अर्देशीर कायदा शिकले आणि वकील झाले. १८९० मध्ये त्यांचे लग्न झाले, पण पुढच्याच वर्षी पत्नी बचूबाई यांचे निधन झाले. तेव्हा अर्देशीर अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी त्यांना झांझिबारला पाठवण्यात आले. झांझिबार हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे बेट आहे. आपल्या स्वयंपाकघरातील लवंग तिथे मोठ्या प्रमाणात पिकते. मुंबईचे अनेक व्यापारी त्या काळी तिथे होते. तरुण वकिलाला परदेशी जाऊन काम करण्याची संधी मिळाली, ही काही लहान गोष्ट नव्हती. खटला आरंभी ठीक चालला. पण पुढे अर्देशीर यांच्या लक्षात आले की आपल्या अशिलाची बाजू मांडताना एक गोष्ट खरी आहे असे न्यायालयात सांगावे लागणार आहे आणि ती गोष्ट खरी आहे अशी आपली स्वतःची खात्री नाही. त्यांनी ते सांगायला नकार दिला. अशिलाने समजावले, इतरांनीही समजावले. वकिलाचे काम अशिलाची बाजू मांडण्याचे, खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायाधीश करील, असे कोणीही म्हणेल. अर्देशीर यांना ते पटले नाही. ते मुंबईला परतले आणि त्यांनी वकिली कायमची सोडली.

हा निर्णय योग्य होता का, यावर मोठी माणसेही वाद घालू शकतील. सगळेच वकील खोटे बोलतात असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्देशीर यांनी स्वतःला ओळखले, एवढेच म्हणता येईल. जे काम आपल्या हातून मनापासून होणार नाही, ते त्यांनी सोडले. पण आता पुढे काय? शिक्षण झालेले, वय सत्तावीस आणि हाताला काम नाही, अशी त्यांची स्थिती होती.

त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून नोकरी धरली. वकिली केलेल्या माणसाने दुकानात मदतनीस व्हावे, हे पाहणाऱ्यांना विचित्र वाटले असेल. पण त्या दुकानात त्यांनी डोळे उघडे ठेवले. डॉक्टर लोक शस्त्रक्रियेसाठी जी हत्यारे वापरतात, म्हणजे लहान धारदार चाकू, चिमटे, कात्र्या, ती सगळी विलायतेहून येत. अर्देशीर यांच्या मनात आले की लोखंड आणि कारागीर तर इथेही आहेत. मग ही हत्यारे इथे का होऊ नयेत?

धंदा सुरू करायचा म्हणजे भांडवल हवे. ते मेरवानजी कामा या पारशी गृहस्थांकडे गेले. कामाशेठ त्यांच्या वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांनी साहजिकच विचारले की घरात पैसा असताना वडिलांकडे का मागत नाहीस. अर्देशीर यांचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. वडील पैसे देतील, पण ते मुलाला दिलेली भेट म्हणून देतील, परत घेणार नाहीत आणि मला भेट नको, कर्ज हवे आहे, असे ते म्हणाले. कामाशेठ यांनी त्यांना तीन हजार रुपये दिले. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती.

भेट आणि कर्ज यांतला फरक तुम्हांला समजला ना? भेटीच्या पैशाचा हिशेब द्यावा लागत नाही. कर्जाच्या पैशाचा द्यावा लागतो, दुसऱ्याला आणि रात्री झोपताना स्वतःलाही. अर्देशीर यांनी मुद्दाम हिशेबाची वाट निवडली.

काम सुरू झाले. चाकू, चिमटे, कात्र्या तयार होऊ लागल्या. शस्त्रक्रियेचे हत्यार बनवणे सोपे नसते. चिमट्याची दोन्ही टोके एकमेकांना तंतोतंत मिळाली पाहिजेत. कात्रीची दोन्ही पाती शेवटच्या टोकापर्यंत एकसारखी चालली पाहिजेत. धारेवर खरखर राहता कामा नये. माल एका मोठ्या औषधविक्रेत्यासाठी बनवला जात होता. माल पाहून तो गृहस्थ खूश झाला. कामात त्याला काही खोट दिसली नाही.

मग प्रश्न निघाला शिक्क्याचा. हत्यारांवर ती कुठे बनली याचा शिक्का असतो. ती हिंदुस्थानात बनली आहेत असा शिक्का हवा, असे अर्देशीर यांचे म्हणणे होते. विक्रेत्याने साफ नकार दिला. असा शिक्का पाहिला तर डॉक्टर ती हातातही घेणार नाहीत, माल कितीही चांगला असला तरी देशी म्हटले की लोक नाक मुरडतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याला माल हवा होता, पण तो देशी आहे हे लोकांना कळायला नको होते.

मित्रांनो, त्या दुकानदाराला लगेच वाईट ठरवू नका. तो आपल्या गिऱ्हाइकांना ओळखत होता. हे साल १८९५ च्या आसपासचे आहे. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची मोठी चळवळ झाली, ती अजून दहा वर्षे दूर होती. देशी वस्तू म्हणजे हलकी वस्तू, असेच पुष्कळ लोक धरून चालत. दुकानदार म्हणत होता ते बाजारापुरते खरे होते.

पण अर्देशीर यांच्यापुढे झांझिबारचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. तिथे एक असत्य बोलायचे होते, इथे ते लोखंडावर ठोकायचे होते. शिवाय या वेळी स्वतःच्या नोकरीचाच प्रश्न नव्हता. दुसऱ्याचे तीन हजार रुपये त्यात अडकले होते. एक शिक्का बदलला असता तर माल विकला गेला असता, नफा झाला असता आणि कामाशेठ यांची रक्कम व्याजासह परत गेली असती. अर्देशीर यांनी शिक्का बदलला नाही. दुकानदारानेही हट्ट सोडला नाही. सौदा मोडला आणि धंदा बंद पडला.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांचे दोन तट पडतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. काही जण म्हणतात, अर्देशीर यांनी बरोबर केले. काही जण विचारतात, कर्ज फेडणे हाही इमानदारीचाच भाग नाही का? मग आधी कर्ज फेडायचे आणि शिक्क्याचे नंतर पाहायचे. हा दुसरा प्रश्न मला नेहमी अवघड वाटतो. त्याचे उत्तर देताना मी थोडा थांबतो. पण मला वाटते, खोट्या नावाने पहिला माल विकला असता तर दुसराही त्याच नावाने विकावा लागला असता. माल जितका चांगला झाला असता, तितके नाव दुसऱ्याचेच मोठे झाले असते. शेवटी अर्देशीर दुसऱ्याच्या नावाचे एक कारागीर होऊन राहिले असते.

या पहिल्या धंद्यात त्यांची एक चूकही झाली असे मला वाटते. त्यांचा सगळा भरवसा एका मोठ्या गिऱ्हाइकावर होता. त्या एकाने नाही म्हणताच सारे थांबले. हत्यारे चांगली आहेत की वाईट, हे ती वापरणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायला हवे होते. पण माल त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. मधल्या माणसाने दार बंद केले.

पुढचा धंदा कसा सुरू झाला, ते आता पाहा. एके दिवशी वर्तमानपत्र वाचताना अर्देशीर यांची नजर एका बातमीवर पडली. मुंबईत घरफोड्या फार वाढल्या होत्या आणि लोकांनी आपल्या घरांची व दुकानांची काळजी घ्यावी, चांगली कुलपे वापरावीत, असे पोलीस आयुक्तांचे सांगणे होते. बातमी हजारो लोकांनी वाचली असेल. बहुतेकांनी वाचून काळजी केली असेल. अर्देशीर यांनी वाचून विचार केला की चांगले कुलूप म्हणजे नेमके काय?

ते कुलपांचा अभ्यास करू लागले. तुम्हीही थोडा करा. साध्या जुन्या कुलपात किल्लीला अडवणाऱ्या एक-दोन अडथळ्यांपलीकडे काही नसे. वाकडी तार किंवा सारख्या आकाराची दुसरी किल्ली घातली तरी ते उघडे. चांगल्या कुलपात मात्र धातूच्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते आणि पट्टी खाली दाबून धरायला एक स्प्रिंग असते. किल्ली फिरली की तिचे दात या पट्ट्या वर उचलतात. कोणती पट्टी किती उचलायची हे ठरलेले असते. सगळ्या पट्ट्या आपापल्या नेमक्या उंचीवर आल्या, तरच साऱ्या खाचा एका रेषेत येतात आणि आतला अडसर सरकतो. एखादी पट्टी केसभर कमी किंवा केसभर जास्त उचलली गेली तरी अडसर जागचा हलत नाही. यावरून कारागिराच्या कानशीला किती जपून चालावे लागत असेल, याची कल्पना करा.

अर्देशीर पुन्हा कामाशेठ यांच्याकडे गेले. हे जाणे किती कठीण असेल! ज्यांचे पैसे अडकले त्यांच्याकडेच पुन्हा पैसे मागायचे. पण ते लपले नाहीत, रस्ता बदलून गेले नाहीत. धंदा का बुडाला हे कामाशेठ यांना ठाऊक होते. तो आळसाने बुडाला नव्हता, उधळपट्टीनेही नाही. कामाशेठ यांनी दुसऱ्यांदा कर्ज दिले. मला या गोष्टीत अर्देशीर यांच्याइतकेच कामाशेठही आवडतात. एकदा बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांदा हात देणारे लोक थोडे असतात आणि त्यांची नावे कोणत्याही कुलपावर लिहिलेली नसतात.

७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये, मुंबईच्या गॅस कंपनीच्या आवाराशेजारी, एका शेडमध्ये काम सुरू झाले. शेड होती २१५ चौरस फुटांची. तुमच्या वर्गाची लांबी-रुंदी मोजून पाहा, ती शेड तुमच्या वर्गाहून लहान निघेल. तेवढ्या जागेत गुजरात आणि मलबारमधून आणलेले डझनभर कुशल कारागीर काम करू लागले. त्यात हातोडी, कानस, शेगडी, तयार माल, कच्चा माल. मे महिन्यातली मुंबई कशी असते हे मी सांगायला नको.

ते सालही साधे नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला होता. १८९७ च्या आरंभी लाखो लोक शहर सोडून गावी निघून गेले होते. अशा वर्षी मुंबईत नवा कारखाना उघडायला छाती लागते.

या वेळी अर्देशीर यांनी शिक्क्याचा प्रश्न दुसऱ्या कोणावर सोडला नाही. आपल्या कुलपांना त्यांनी अँकर हे नाव दिले. अँकर म्हणजे जहाज एका जागी धरून ठेवणारा नांगर. शेतातला नांगर वेगळा आणि हा वेगळा. उर्दूत याला तुम्ही लंगर म्हणता. कुलपाबरोबर हमी दिली जाई. हे कुलूप दुसऱ्या किल्लीने किंवा तारेने उघडता येणार नाही, अशी ती हमी होती. मागच्या धंद्यात दुकानदार म्हणाला होता की देशी मालावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आता अर्देशीर यांनी तो विश्वास लेखी देऊन मागितला. हमी देणे म्हणजे स्वतःला बांधून घेणे. एक जरी कुलूप सहज उघडले गेले असते, तरी साऱ्या बाजारात बोभाटा झाला असता. म्हणून कुलपाची प्रत्येक पट्टी चोख व्हावीच लागे.

कुलपे खपू लागली. ती दारांना, दुकानांना, पेट्यांना लागली आणि घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या हातांनी ओढून पाहिली. मधला माणूस आता दार बंद करू शकत नव्हता. पुढे अर्देशीर यांनी स्प्रिंग नसलेले कुलूपही तयार केले. लिव्हरची स्प्रिंग झिजते किंवा मोडते आणि मग कुलूप मालकालाही उघडता येत नाही, ही जुनी अडचण होती. ती स्प्रिंगच त्यांनी काढून टाकली.

बाकीचे थोडक्यात सांगतो. कुलपानंतर तिजोऱ्या आल्या. धाकटे भाऊ पिरोजशा कामात आले आणि त्यांनी कारखाना वाढवला. १९१८ मध्ये वनस्पती तेलापासून बनवलेला साबण बाजारात आला. त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी सर्रास असे आणि ती कोणत्या प्राण्याची, हे विकत घेणाऱ्याला कळत नसे. त्यामुळे अनेक हिंदू आणि मुसलमान घरांत असा साबण वापरायला लोक कचरत. या नव्या साबणाचे नाव काय होते, ठाऊक आहे? चावी! हा शब्द मात्र अरबी नाही, फारसीही नाही. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि उर्दूत चाबी झाला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंड गोळा होत होता. त्याला अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले. ज्यांनी तीन हजारांच्या कर्जावर सुरुवात केली होती, त्यांनी.

कामाशेठ यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांचे बॉइस नावाचे एक भाचे होते. त्यांना धंद्यात भागीदार करून घ्यावे, अशी कामाशेठ यांची इच्छा होती. अर्देशीर यांनी त्यांना भागीदार केले. बॉइस यांचे मन या कामात फार काळ रमले नाही, ते निघून गेले. पण भागीदाराचे नाव काढून टाकायला अर्देशीर तयार झाले नाहीत. कंपनीचे नाव गोदरेज आणि बॉइस असेच राहिले.

उतारवयात अर्देशीर यांनी सारा कारभार पिरोजशा यांच्यावर सोपवला आणि स्वतः नाशिकला जाऊन शेतीत लक्ष घातले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात मोठा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गासड्याही होत्या. आग आजूबाजूच्या वस्तीत पसरली. शेकडो माणसे मेली, गोदामे आणि पेढ्या जळून खाक झाल्या. आग विझल्यावर लोक राखेतून आपापल्या वस्तू शोधू लागले. ढिगाऱ्याखालून तिजोऱ्या निघाल्या. बाहेरचा रंग जळून गेला होता, पत्रा काळाठिक्कर पडला होता. गोदरेज तिजोऱ्या उघडल्या तेव्हा आतली कागदपत्रे शाबूत होती.

१९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा मत देण्यासाठी पोलादी पेट्या लागल्या, एक-दोन नव्हे, लाखो. त्यांतल्या पुष्कळशा पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. गावोगावी त्या पेट्यांसमोर लोक रांगा लावून उभे राहिले. मत आत टाकले की ते मोजणीपर्यंत कोणाला काढता येणार नाही, एवढे त्या पेटीने सांभाळायचे होते.